तेल सीलमधून गळते, दुखणे बेअरिंगचे असते

हिंजवडीच्या आयटी पार्कच्या पुढे, मुळशी आणि मावळ तालुक्यांच्या वेशीवर कासारसाईचे धरण आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे मोटारसायकलवाले सुट्टीच्या सकाळी हमखास इकडे वळतात. त्यांच्यात आता शाफ्ट-ड्राइव्हच्या महागड्या गाड्याही दिसू लागल्या आहेत. बीएमडब्ल्यूच्या मोठ्या जीएस, ट्रायम्फची टायगर 1200, एखादी मोटो गुझी. याच परिसरात श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे, त्यामुळे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टरही याच रस्त्यांवर असतात. वरवर पाहता त्या मोटारसायकलीचा आणि ट्रॅक्टरचा काही संबंध नाही. पण इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत नेण्याच्या बाबतीत दोघांची जात एकच. साखळी कुठेच नाही. फिरता दांडा, क्राउन-पिनियन, बेअरिंग आणि गिअर ऑइल, एवढाच सगळा संसार. म्हणून दोघांची दुखणीही सारखी आणि त्यातले सर्वांत फसवे दुखणे म्हणजे तेलाची गळती.

फसवे अशासाठी, की गळणारी जागा डोळ्यांना दिसते आणि गळण्याचे कारण दिसत नाही. गॅरेजमध्ये गाडी नेली की ‘सील गेलंय, नवीन टाकू’ असे ऐकायला मिळते. सील बदलले जाते, गळती थांबते, मालक खूश होतो. काही आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा ओल दिसते. कारण पहिले सील आपणहून गेलेच नव्हते. ज्या दांड्यावर ते बसले होते, तो दांडा बेअरिंग झिजल्यामुळे डगमगत होता. नव्या सीलच्या नशिबीही तेच आले. शाफ्टच्या गाडीची तपासणी करताना एवढे एक सूत्र पाळले तरी पुष्कळ खर्च आणि धोका टळतो: सीलला हात लावण्याआधी त्याच्या शेजारचे बेअरिंग तपासा.

साखळीविना चालणारी गाडी

शाफ्ट-ड्राइव्हची कल्पना जुनी आहे. बेल्जियमच्या एफएन कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात चार सिलिंडरची शाफ्टवर चालणारी मोटारसायकल विकायला काढली होती. बीएमडब्ल्यूची पहिली मोटारसायकल, आर 32, 1923 साली आली. मॅक्स फ्रिझ या अभियंत्याने तिच्यात दोन सिलिंडर आडवे, गाडीच्या दोन बाजूंना ठेवले. त्यामुळे क्रँकशाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने आला, गिअरबॉक्स त्याच्या मागे सरळ रेषेत बसला आणि तिथून निघालेला दांडा थेट मागच्या चाकापर्यंत नेता आला. मोटो गुझीने 1967 च्या व्ही 7 मध्ये आणि होंडाने 1975 च्या गोल्ड विंगमध्ये शाफ्टच वापरला. साखळी ताणायची नाही, तिला तेल पाजायचे नाही, चिखलात ती खराब होत नाही. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांना याचे आकर्षण वाटणे साहजिक आहे.

आपल्याकडे घरोघरी पोचलेली बिनसाखळीची गाडी म्हणजे बजाज चेतक. 1972 पासून ती आकुर्डीत तयार होऊ लागली. तिच्यात लांब दांडा नव्हता, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स मागच्या चाकाला खेटूनच होते आणि गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या शाफ्टवरच चाक बसत असे. या शाफ्टचे सील गेले की गिअर ऑइल थेट मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये उतरायचे आणि ब्रेक लागेनासा व्हायचा. जुन्या मेस्त्रींना हे दुखणे तोंडपाठ आहे. ड्रम काढला की काळे, चिकट झालेले ब्रेक शू दिसत. मेस्त्री हुशार असेल तर सील काढण्याआधी शाफ्ट हाताने वरखाली हलवून बघायचा. हलला, तर सीलबरोबर बेअरिंगही बदलायचे. आजच्या बड्या मोटारसायकलींची तपासणीही याच वाटेने जाते.

या गाड्यांत ताकदीचा प्रवास असा होतो: इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, मग युनिव्हर्सल जॉइंट, मग स्विंगआर्मच्या पोकळीतून जाणारा शाफ्ट आणि शेवटी चाकाजवळची छोटी गिअरपेटी. या पेटीला फायनल ड्राइव्ह म्हणतात. तिच्यात शाफ्टच्या टोकाचे छोटे पिनियन मोठ्या क्राउन व्हीलला फिरवते आणि ताकद नव्वद अंशांत वळून चाकाला मिळते. ताशी 90 किलोमीटर वेगाला मागचे चाक मिनिटाला साधारण 750 फेरे घेते. पिनियन त्याच्या जवळजवळ तिप्पट फिरते. एवढ्या भाराला आणि वेगाला तेल किती, तर बीएमडब्ल्यूच्या आर 1200 जीएससारख्या गाडीत बदलताना साधारण 180 मिली. पाण्याचा एक पेलाही भरणार नाही. त्यातले 30 मिली गळून गेले, तर सहावा हिस्सा गेला. म्हणूनच इथली ‘थोडीशी ओल’ मनावर घ्यावी लागते.

थेंब कुठला, हे आधी ठरवा

गाडीखाली डाग दिसला की पहिला प्रश्न: हे कोणते द्रव? शाफ्टच्या गाडीत इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक फ्लुइड आणि मागच्या शॉकअब्सॉर्बरचे तेल ही सगळी जवळजवळच्या भागांत असतात. चालत्या गाडीच्या वाऱ्याने ती मागे ढकलली जातात. त्यामुळे गळते एका जागी आणि टपकते दुसऱ्याच जागी.

वासाने बरेच काम होते. क्राउन-पिनियनसाठी वापरल्या जाणाऱ्या हायपॉइड गिअर ऑइलमध्ये गंधक असलेली द्रव्ये असतात. त्यांचा उग्र वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. वापरलेल्या इंजिन ऑइलला जळकट वास असतो आणि ते लवकर काळे पडते. ब्रेक फ्लुइड ओळखायला एक वाटी पाणी पुरते. डॉट 3 किंवा डॉट 4 प्रकारचे ब्रेक फ्लुइड पाण्यात मिसळून जाते, तेल मात्र तरंगत राहते. थेंब पाण्यात विरघळला, तर फायनल ड्राइव्ह उघडायच्या भानगडीत न पडता आधी मागचा ब्रेक तपासावा. गळती तिथे असेल तर गाडी चालवूच नये.

मग मूळ जागा. त्यासाठी सगळा भाग डिग्रीजरने धुऊन, पुसून कोरडा करायचा आणि त्यावर टाल्कम पावडर हलक्या हाताने भुरभुरायची. दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून आणायची, डबल स्टँडवर लावायची आणि टॉर्च घेऊन बसायचे. पावडरवर तेलाची वाट स्पष्ट उमटलेली असते. ओल जिथे सर्वांत वर आणि सर्वांत पुढे असेल, तिथे उगम. खाली आणि मागे दिसते ती नुसती पसरण.

या गाड्यांत उगमाच्या जागा चार-पाचच असतात आणि प्रत्येक जागा वेगळी गोष्ट सांगते.

गिअरबॉक्स आणि स्विंगआर्म यांच्यामध्ये रबरी बूट असतो. तो सोडवल्यावर आत तेल साचलेले दिसले, तर ते गिअरबॉक्सच्या बाहेरच्या सीलमधून आले किंवा मागून पिनियनच्या सीलमधून. दोन्हीकडची पातळी तपासली की कोणाचे कमी झाले ते कळते.

फायनल ड्राइव्ह आणि चाक यांच्यामध्ये, म्हणजे क्राउन व्हीलच्या मोठ्या सीलपाशी ओल असेल, तर प्रकरण गंभीर. इथले तेल रिमवर, टायरवर आणि ब्रेक डिस्कवर उडू शकते. टायरच्या कडेवर तेलाचा एक पट्टा जरी दिसला तरी गाडी तिथेच थांबवावी आणि टेम्पोत घालून न्यावी. वळणावर तेलकट टायर दुसरी संधी देत नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात, त्या सांध्याच्या तळाशी तेल दिसले, तर क्रँकशाफ्टचे मागचे सील किंवा गिअरबॉक्सचे पुढचे सील संशयित. जुन्या, हवेने थंड होणाऱ्या बॉक्सर, म्हणजे दोन बाजूंना आडवे सिलिंडर असलेल्या इंजिनांत क्लच कोरडा असतो. त्यावर तेल गेले की क्लच घसरतो.

ड्रेन बोल्ट आणि तेल भरायच्या बोल्टपाशी ओल असेल, तर बहुतेक वेळा जुनाच वॉशर परत वापरलेला असतो. हे सर्वांत स्वस्त दुखणे.

आणि ब्रीदर, म्हणजे फायनल ड्राइव्हला श्वास घ्यायची वाट. तेल गरम झाले की आतली हवा फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. ही वाट चिखलाने बुजली तर दाब वाढतो आणि तेल सर्वांत कमकुवत जागेतून, म्हणजे सीलमधून वाट काढते. पेटीत तेल गरजेपेक्षा जास्त भरले तरी असेच होते. अशा वेळी नवे सील टाकूनही गळती थांबत नाही. ब्रीदर साफ केला, पातळी बरोबर केली की आपोआप थांबते.

सील का हरते?

ऑइल सील म्हणजे धातूच्या कड्यावर बसवलेले रबर. त्याला आतल्या बाजूने एक पातळ ओठ असतो आणि त्या ओठाला शाफ्टवर हलकेच दाबून धरायला बारीक गोल स्प्रिंग असते. ओठ शाफ्टला पूर्ण कोरडा कधी घासत नाही. दोघांमध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो. तो थर ओठाला थंड ठेवतो आणि बाहेरही पडत नाही. या समतोलावर सीलचे आयुष्य चालते.

हा समतोल तीन प्रकारांनी बिघडतो. पहिला प्रकार उष्णतेचा. साधे नायट्राइल रबर साधारण 100 अंश सेल्सियसच्या पुढे सतत राहिले तर कडक होत जाते, ओठ लवचीक राहत नाही आणि त्याला भेगा पडतात. दुसरा धुळीचा. ओठाखाली अडकलेले बारीक कण शाफ्टलाच झिजवतात. विहिरीच्या काठावरच्या दगडाला दोराने खोबण पडावी, तशी पोलादी शाफ्टला रबराच्या ओठाने खोबण पडते. जुने सील काढल्यावर शाफ्ट पुसून त्यावर आडवे नख फिरवावे. नख कुठे अडकले, तर खोबण पडली आहे असे समजावे. त्याच रेषेवर नवे सील बसवले तर ते पहिल्या दिवसापासून गळायला मोकळे. मग सील थोडे आतबाहेर बसवून ओठाला नवी जागा द्यावी लागते, शाफ्टवर पातळ पोलादी बाही चढवावी लागते किंवा शाफ्ट बदलावा लागतो.

तिसरा प्रकार बेअरिंगचा आणि तोच सर्वांत जास्त नजरेतून सुटतो. बेअरिंग नवे असताना शाफ्ट आपल्या मध्यावर फिरतो. बेअरिंगमधल्या गोळ्यांचा किंवा रोलरचा मार्ग झिजला की शाफ्ट मध्य सोडून किंचित वर्तुळाकार हेलकावू लागतो. हालचाल मिलिमीटरच्या काही दशांशांची असली तरी प्रत्येक फेऱ्यात ओठ एका बाजूला दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूला उघडा पडतो. मंद वेगाला रबर सांभाळून घेते. वेग वाढला की त्याला शाफ्टचा पाठलाग जमत नाही आणि त्या फटीतून तेल निसटते. म्हणून अशी गाडी शहरात कोरडी राहते आणि एक्सप्रेसवेवरून किंवा ताम्हिणी घाट उतरून आली की ओली दिसते. ‘लांब गेलो की गळते, एरवी नाही’ असे मालक सांगत असेल, तर मेकॅनिकने कान टवकारावेत.

बेअरिंगची नाडी कशी पाहावी?

गाडी डबल स्टँडवर घ्यावी. मागचे चाक जमिनीपासून सुटलेले असावे. एक हात टायरच्या वरच्या टोकाला, दुसरा खालच्या टोकाला धरून चाक आडवे, म्हणजे एका बाजूने दुसऱ्या बाजूला हलवावे. मग हात पुढे आणि मागे धरून तसेच करावे. निरोगी गाडीत काहीही ‘टक’ जाणवत नाही.  किती खेळ, म्हणजे सैलपणा, चालतो याची नेमकी मर्यादा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असते, ती पाहावी.

खेळ जाणवला तर तो कुठे आहे हे शोधायला दुसरा माणूस लागतो. एकाने चाक हलवत राहावे आणि दुसऱ्याने सांध्यांवर बोट टेकवावे. बोट अर्धे स्थिर भागावर, अर्धे हलणाऱ्या भागावर. चाकाचा फ्लँज आणि फायनल ड्राइव्हची पेटी यांच्यामध्ये हालचाल जाणवली, तर क्राउन व्हीलचे बेअरिंग संशयित. पेटी आणि स्विंगआर्म यांच्या सांध्यात जाणवली, तर तिथली पिव्हट बेअरिंग. स्विंगआर्म आणि गाडीची चौकट यांच्यात जाणवली, तर पुढची पिव्हट. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाच्या टोकाला लगेच कळते. हा उपाय फुकट आहे आणि तो सहसा चुकत नाही. क्राउनच्या बेअरिंगचा खेळ सहसा वर-खाली आणि पुढे-मागे दोन्ही पकडींत जाणवतो. एकाच दिशेला असेल, तर पिव्हटकडे बघावे.

यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून चाक हळूहळू हाताने फिरवावे. एक हात फायनल ड्राइव्हच्या पेटीवर ठेवावा. झिजलेले बेअरिंग खरखरते, ठराविक जागी किंचित अडते आणि ती कुरकुर तळहाताला कळते. कानाने ऐकायचे असेल तर लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक पेटीवर टेकवून त्याची मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावावी. चाक हाताने फिरत असतानाच हे करावे. इंजिन चालू असताना फिरत्या भागांजवळ डोके नेऊ नये.

तिसरी चाचणी गिअरमध्ये टाकून. इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये, चाक पुढे-मागे फिरवून पाहावे. थोडा मोकळा फेर असतोच, कारण त्यात गिअर, स्प्लाइन (दांड्यावरच्या खाचा) आणि जॉइंट या प्रत्येकाचा आपला थोडा वाटा असतो. महत्त्वाची आहे ती त्यात होणारी वाढ. दर सर्व्हिसला टायरवर खडूने खूण करून फेर किती आला हे वहीत लिहून ठेवले, तर स्प्लाइन किंवा युनिव्हर्सल जॉइंट झिजत असल्याची बातमी फार आधी मिळते.

बाटलीत उतरलेला पुरावा

गिअर ऑइल बदलणे म्हणजे बेअरिंगची रक्ततपासणीच. गाडी दोन-चार किलोमीटर फिरवून आणावी, म्हणजे तेल कोमट होईल आणि बुडाशी बसलेले कण त्यात मिसळतील. मग ड्रेन बोल्ट सोडून तेल स्वच्छ, पांढऱ्या भांड्यात घ्यावे. बऱ्याच गाड्यांत ड्रेन बोल्टच्या टोकाला चुंबक असते. त्यावर राखाडी रंगाचा मऊ, मलमासारखा लेप दिसला तर घाबरायचे कारण नाही. क्राउन आणि पिनियनचे दात एकमेकांवर घासतात, त्याची ती नेहमीची झीज. बोटांच्या चिमटीत चोळून पाहावे, दाणे लागू नयेत.

दाणे लागले, चकचकीत पापुद्रे दिसले किंवा सुईसारखे तुकडे सापडले, तर गोष्ट वेगळी. बेअरिंगच्या मार्गावर पोलाद थकते, पृष्ठभागाच्या आत बारीक भेग पडते आणि वरचा पातळ थर सुटून निघतो. तेच हे पापुद्रे. एकदा पापुद्रा सुटायला सुरुवात झाली की ती जागा खड्ड्यासारखी वाढत जाते. प्रत्येक गोळी त्या खड्ड्यावरून उडते आणि आवाज व तापमान दोन्ही वाढतात. तेलाचे भांडे उन्हात हळूहळू तिरके करून पाहिले की तळाशी चमकणारे कण दिसतात. चुंबकाला न चिकटणारे पिवळसर कण असतील, तर ते बेअरिंगमधल्या गोळ्यांना अंतर राखून धरणाऱ्या पितळी पिंजऱ्याचे असू शकतात. पिंजरा फुटला तर गोळ्या एका जागी गोळा होतात आणि चाक अचानक जाम होऊ शकते. असा पुरावा हाती आला की गाडी चालवत गॅरेजला न्यायचीही नाही.

तेलाचा रंगही बोलतो. दुधाळ किंवा कॉफीसारखे झाले असेल तर आत पाणी शिरले आहे. काळेकुट्ट आणि करपट वासाचे असेल तर ते तापलेले आहे.

इथे बीएमडब्ल्यूच्या एका अनुभवातून सगळ्यांनी शिकावे असे आहे. 2004 साली आलेल्या आर 1200 जीएसच्या सुरुवातीच्या गाड्यांमध्ये फायनल ड्राइव्हचे तेल आयुष्यभर पुरेल असे गृहीत धरले होते आणि ते नियमित बदलण्याची सोयही नीट ठेवली नव्हती. पुढे मालकांना क्राउनच्या बेअरिंगची आणि सीलची दुखणी येऊ लागली. कंपनीने तेल ठराविक अंतराने बदलायचे, असे पुन्हा वेळापत्रकात आणले आणि ड्रेन बोल्टची जागाही सुधारली. पाऊण पेला तेल आणि दोन वॉशर यांचा खर्च पेटी उघडण्याच्या खर्चापुढे नगण्य असतो. मॅन्युअलमध्ये अंतर लिहिले आहे त्यापेक्षा उशीर कधीच करू नये, आणि पावसाळा संपल्यावर एकदा तेल बघून घ्यावे.

कुठेतरी पाणी मुरते आहे

मुळशी-मावळच्या पावसात शाफ्टचा खरा शत्रू पाणी आहे. गाडी ताम्हिणीतून तापून आलेली असते, फायनल ड्राइव्हची पेटी हात लावू न देण्याइतकी गरम असते आणि चालक ती ओढ्याच्या पाण्यात घालतो. पेटी झटकन थंड होते, आतली हवा आकसते आणि आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. मग ब्रीदर आणि सील दोन्हीकडून पाणी आत ओढले जाते. तेलात पाणी मिसळले की दात आणि गोळ्यांमधला थर टिकत नाही आणि गाडी काही दिवस उभी राहिली तर बेअरिंगच्या मार्गावर गंजाचे ठिपके उमटतात. पुढचे पापुद्रे त्या ठिपक्यांपासूनच सुटतात.

ओढा चुकवता येतो. वॉशिंग सेंटर मात्र दर रविवारी भेटते. चिखल काढायला जोरदार फवारा सीलच्या ओठावर, रबरी बुटावर आणि पिव्हटवर मारला की पाणी आत ढकलले जाते. सीलची रचना आतले तेल अडवण्यासाठी असते, बाहेरून येणारा दाबाचा फवारा अडवण्यासाठी नसते. या भागांवर पाणी लांबून, हलक्या धारेने मारायला सांगावे, आणि गाडी गरम असताना धुऊ नये.

पाणी शाफ्टच्या पोकळीतही जाते. तिथे युनिव्हर्सल जॉइंट असतो, गावाकडे ट्रॅक्टरवाले ज्याला ‘क्रॉस’ म्हणतात तोच. त्याच्या चार टोकांवर सुईइतक्या बारीक रोलरची बेअरिंग असतात. ग्रीस धुऊन गेले की ते गंजतात. या बेअरिंगच्या टोपणांभोवती लालसर भुकटी दिसली, तर तो गंज आणि ती पहिली खूण. शाफ्ट सोडवून जॉइंट हाताने दोन्ही दिशांनी वाकवून पाहावा. तो लोण्यासारखा नरम फिरायला हवा. मध्येच अडत असेल किंवा ठराविक कोनात थांबत असेल, तर तो बदलायचाच.

2022 साली बीएमडब्ल्यूने अनेक देशांत जीएस मालिकेतल्या गाड्यांच्या शाफ्टची तपासणी आणि 60,000 किलोमीटरनंतर शाफ्ट बदलण्याची मोहीम हाती घेतली. मूळ कारण स्विंगआर्मच्या पोकळीत साचणारी ओल हेच होते. शाफ्ट तुटला तर चाकाला ताकदच मिळत नाही, आणि तुटलेला तुकडा आत अडकला तर पोकळीच फोडतो.

ट्रॅक्टरवाले या जॉइंटला वेळच्या वेळी ग्रीस गनने ग्रीस मारतात, कारण काम अर्ध्यावर अडले तर दिवसाची मजुरी बुडते. मोटारसायकलच्या जॉइंटला बहुधा ग्रीस निपल नसतो. तो झाकलेला असतो, म्हणून विसरला जातो. निदान टायर बदलताना रबरी बूट सोडून एकदा आत टॉर्च मारावा, स्प्लाइनला कंपनीने सांगितलेले ग्रीस लावावे आणि बूट परत नीट बसला आहे ना, हे पाहावे.

बेअरिंग बदलताना

बेअरिंगवर छापलेला क्रमांक वाचता आला तर बरेच कळते. 6205 घ्या. पहिला 6 म्हणजे खोल खाचेचे बॉल बेअरिंग. शेवटच्या 05 ला पाचाने गुणले की आतला व्यास 25 मिलिमीटर. बाहेरचा 52, रुंदी 15. त्यापुढे 2RS असेल तर दोन्ही बाजूंना रबरी झाकण आहे. C3 असेल तर आतला मोकळेपणा नेहमीपेक्षा जास्त आहे आणि तो तापणाऱ्या जागेसाठी ठेवलेला आहे. ‘साइज बरोबर आहे, C3 नसले तरी चालते’ असे कोणी म्हटले तर मान्य करू नये. चिंचवडला एसकेएफचा बेअरिंगचा कारखाना आहे. पिंपरी-चिंचवड परिसरात बेअरिंगचे अधिकृत विक्रेते सहज मिळतात. बिलासकट घेतलेले बेअरिंगच बसवावे.

बसवताना हातोडा लांब ठेवावा. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. 90 मिलिमीटरच्या भोकाची पेटी 80 अंशांनी तापवली तर भोक साधारण 0.16 मिलिमीटरने मोठे होते आणि थंड बेअरिंग त्यात हाताने सरकते. थंड पेटीत बेअरिंग ठोकले तर घाव गोळ्यांवर जातो, मार्गावर बारीक खड्डे उमटतात आणि नवे बेअरिंग बसवतानाच म्हातारे होते. जोर लावायचाच असेल तर पेटीत बसवताना बाहेरच्या कड्यावर आणि शाफ्टवर बसवताना आतल्या कड्यावर. शेवटचे काम शिमचे, म्हणजे अंतर भरायच्या पातळ चकत्यांचे. क्राउन आणि पिनियन यांच्यातले अंतर आणि बेअरिंगचा ताण मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात मोजून शिम टाकावे लागतात. हे काम अचूक मोजमापाची साधने आणि मॅन्युअल असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे.

गॅरेजमध्ये गाडी सोडताना तीन गोष्टी स्पष्ट मागाव्यात. काढलेले जुने बेअरिंग आणि सील परत द्यायचे. निघालेले तेल भांड्यात दाखवायचे. आणि सील बदलायच्या आधी चाकाचा खेळ तुमच्यासमोर तपासायचा. चांगला मेकॅनिक या मागण्यांनी खट्टू होत नाही. त्याच्या कामाची किंमत त्यातून कळते.

धरणावर, घाटात किंवा लेहला निघायच्या आधीच्या संध्याकाळी दहा मिनिटे काढा. चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवा, पेटीभोवतीची ओल बोटाने पुसून तिचा वास घ्या, ब्रीदरवरचा चिखल काढा. सील हा तुमचा निरोप्या आहे. तो काही सांगत असेल तर त्याला बदलून गप्प बसवू नका, त्याच्या मागचे बेअरिंग काय म्हणते ते आधी ऐका.